कुरणातलं विमान

बर्न, १२ मार्च १९९५

प्रिय प्लोनी वहिनी,

पाकीट बघून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. उलट आनंदाची बातमी आहे, आणि ती गावात सगळ्यांत आधी तुम्हाला कळावी म्हणून लिहायला बसलो. हवाई दल फ्लूमाटची धावपट्टी सोडून देतंय! आपली हंटर विमानं डिसेंबरात निवृत्त झाली हे तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. मी निरोपाला गेलो होतो. पांढऱ्या केसांचे वैमानिक रुमाल काढून उभे होते, मीही त्यांच्यातच. आता येणारी अमेरिकन विमानं वजनदार आहेत. आपल्या दरीतल्या एवढ्याशा पट्टीवर ती उतरणार नाहीत आणि डोंगरातल्या भुयारात मावणारही नाहीत.

म्हणून काय सगळं मातीत जाऊ द्यायचं? आम्ही काही जुन्या वैमानिकांनी मंडळ काढलंय, आणि अध्यक्षपद नको नको म्हणताना माझ्याच गळ्यात पडलं. खटपट करून एक हंटर मिळवलंय. ते आपल्या गावात उभं राहील, शेजारी संग्रहालय, आणि सगळ्या पट्टीवर लोकांना हिंडता येईल. मंत्रालयाने ठरवलंय की जमिनीवर पहिला हक्क गावाचा. गावाने नको म्हटलं तरच ती जुन्या मालकांना परत. म्हणजे मेमधल्या ग्रामसभेत गावाने जमीन ठेवून घ्यायची आणि मंडळाला वापरायला द्यायची, एवढंच. पट्टीतला मोठा तुकडा आपल्या बाबांचा होता, तेव्हा पहिला हात हेर्गरांच्या घरातून वर गेला तर शोभून दिसेल.

एक पुस्तिकाही छापतोय, हवाई दलाची कहाणी, १९१४पासून. त्यासाठी आलोइसदादाचा एखादा चांगला फोटो पाठवा.

आग्नेस आणि सेप कॅनडाला जायचं म्हणतात असं कानावर आलं. तरुण रक्त आहे, जाऊ दे त्यांना.

तुमचा,
बाल्त्स


फ्लूमाट, १९ मार्च

बाल्त्स भावजी,

नाताळात तुमचं एक कार्ड येतं, तेही छापील, खाली नुसती सही. आता एकदम दोन पानं, स्वतःच्या अक्षरात! तेव्हाच म्हटलं, भावजींना काहीतरी हवंय.

तुम्ही बर्नला राहून विसरलात, म्हणून सांगते. या दरीत सपाट जमीन म्हणजे तेवढी एकच. बाकी सगळं उभं. चर्चसुद्धा उतारावर आहे, प्रार्थनेला बसलं की पुढच्या बाकाच्या अंगावर जातो आपण. त्या सपाटीवर तुमच्या बाबांचं कुरण होतं, अख्ख्या हिवाळ्याचं गवत तिथून यायचं. बेचाळीस साली रबरी बूट घातलेला कुणी एक कॅप्टन आला, तुमच्याच स्वयंपाकघरात बसून दारू घातलेली कॉफी प्यायला आणि म्हणाला, "लढाई संपली की कुरण तुमचं तुम्हाला." कोणती लढाई हे त्याने सांगितलं नाही. माझे सासरे मरेपर्यंत विचारत होते, "काय गं प्लोनी, संपली का ती?"

आणि काय केलंत हो तुम्ही त्या पट्टीवर? वर्षातले तीन आठवडे बँकेतले कारकून आणि दातांचे डॉक्टर गणवेश घालून यायचे, घर्र घर्र करून डोंगराला चकरा मारायचे आणि संध्याकाळी 'ओक्सन' खानावळीत बिअर पीत बसायचे. बाकीचे एकोणपन्नास आठवडे काँक्रीट आणि शेळ्यांची लीद. ज्या देशावर कुणी चालून येत नाही त्या देशाचं हवाई दल! कहाणी लिहिताय ना, मग नीट लिहा. आपण स्वतः बनवलेलं विमान दोनदा बोडेन सरोवरात बुडालं तेही लिहा. मिराज विमानं शंभर घ्यायला निघालात आणि सत्तावन्न घेऊन आलात, मान खाली घालून, तेही लिहा.

कुरण गेलं म्हणून आमचे पुरुष रानगवत कापायला रोटफ्लूच्या कड्यावर चढले. बुटांच्या तळव्यांना खिळे बांधून, जिथे बकरीही पाय ठेवायला कचरते तिथे. आलोइस तिथूनच गेला. तुम्हाला फोटो हवाय त्याचा. विमानाशेजारी लावायला!

आग्नेसचं म्हणाल तर तिला कॅनडाचं काडीचं कौतुक नाही. जावयाने, सेपने, गोठा वाढवायचं ठरवलं होतं. गवत कुठून आणायचं? कुरण परत मिळालं तर राहतो, नाहीतर शरद ऋतूत निघतो, असं दोघांनी मला स्वच्छ सांगितलंय. माझी एकुलती एक मुलगी आहे ती. तिला "तरुण रक्त" म्हणून वाटेला लावू नका.

सभेत मी हात वर करणार आहे. विरोधात.

प्लोनी


बर्न, २ एप्रिल

प्रिय वहिनी,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं. तुमची जीभ अजून तशीच आहे.

पण काही गोष्टी बोलल्याच पाहिजेत. १९१४ साली या देशाकडे हवाई दल म्हणून काही नव्हतं. वैमानिक आपापली विमानं घेऊन हजर झाले, शेतकरी आपला बैल घेऊन येतो तसे. आणि चाळीस साली? जर्मनांकडून विकत घेतलेल्या विमानांत बसून आपल्या पोरांनी जर्मनांचीच विमानं पाडली. मग वरून गप्प बसायचा हुकूम आला, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणतो. कुणी चालून येत नाही म्हणता, ते का येत नाही याचा विचार केलाय कधी? दोन वर्षांपूर्वी अख्ख्या देशाने मत दिलं. नवी विमानं घेऊ नका म्हणणारे हरले. देशाला कळतं ते माझ्या वहिनीला कळू नये, याचं वाईट वाटतं. तुम्ही गोठ्याच्या दारातून जग बघता, आणि त्या दारातून फार थोडं दिसतं.

आणि दादाचं नाव घेऊन विमानांना शिव्या देऊ नका. त्याला विमानं आवडायची. मी सरावाला आलो की मुद्दाम रोटफ्लूवरून फेरी मारायचो. तो गवत कापत असला की मी पंख हलवून नमस्कार करायचो आणि तो टोपी काढून हलवायचा. आम्हा भावांची ती रीतच होती. सदुसष्टच्या ऑगस्टमध्ये मी त्याला शेवटचं पाहिलं ते असंच. सकाळची वेळ होती, स्वच्छ ऊन, आणि कड्यावर उभा राहून तो टोपी हलवत होता. पुढच्या दिवशी बराकीत निरोप आला की संध्याकाळी भारा बांधताना तो घसरला. निदान सकाळी आम्ही एकमेकांना पाहिलं होतं, यावर मी इतकी वर्षं काढली.

पुस्तिकेचं पहिलं पान तेच आहे. नाव दिलंय 'नमस्कार'. शाळेतल्या मुलांना फुकट वाटणार आहोत.

आग्नेसचं बघू. एका कुरणावर कुणाचं आयुष्य अडत नाही.

बाल्त्स


फ्लूमाट, १७ एप्रिल

भावजी,

ते पहिलं पान काढून टाका. का, ते विचारू नका.

बाकी इथली हालहवाल सांगते, म्हणजे तुम्हाला आनंद होईल. तुमचं विमान आलं. पंख काढून दोन ट्रकवर लादलं होतं, आणि चर्चच्या वळणावर शेपटी अडकली. सरपंच, अग्निशमनवाले आणि पाद्री मिळून अर्धा दिवस तिला ढकलत होते. अडतीस वर्षांच्या म्हाताऱ्या विमानापुढे आमचे पुरुष अशी लगबग करत होते की नवी सूनसुद्धा एवढ्या कौतुकाने कुणी घरात घेत नाही. ज्यांची जमीन पट्टीखाली गेली तेसुद्धा! टोनी फुरर तर शेपटीवर हात फिरवत होता. त्याच्या बापाची जमीन आमच्याच शेजारी होती. मला आदल्या रविवारी म्हणाला होता, "प्लोनी, मी तुझ्याच बाजूने हात वर करणार." बघू.

आणि सभा व्हायच्या आधीच चौथरा ओतून झालाय, बरं का. मत नंतर, काँक्रीट आधी. विचारलं तर सरपंच म्हणतो, "हवा चांगली होती." तुमच्या हवाई दलाचे गुण लागले म्हणायचे गावाला.

पान काढा.

प्लोनी


बर्न, २४ एप्रिल

प्रिय वहिनी,

पान काढणार नाही. मी लिहिलेली ती सगळ्यांत चांगली गोष्ट आहे. आमच्या मंडळातल्या एका माजी न्यायाधीशांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भावाची आठवण ही माझीही आहे, एकट्या तुमची नाही. तुम्हाला कुरणाचा राग माझ्यावर काढायचा असेल तर सभेत काढा.

खरंच काही कारण असेल तर लिहा. उगाच हट्ट असेल तर तो तुमच्यापाशीच ठेवा. पुढच्या आठवड्यात सगळं छापखान्यात जातंय.

बाल्त्स


फ्लूमाट, २८ एप्रिल

बाल्त्स,

कारण पाहिजे ना? घ्या.

आलोइस संध्याकाळी गेला नाही, सकाळी गेला. भारा बांधताना नाही. मी खाली तारेपाशी होते, कड्यावरून तारेवर घसरत येणारे गवताचे भारे उतरवायला. तुम्ही कड्याच्या मागून आलात, इतक्या खालून की माझे कान बंद झाले. तुम्ही पंख हलवलेत. आलोइस सरळ उभा राहिला. तिथे सरळ उभं राहायचं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं, पण भाऊ आला होता ना! एका हातात विळा होता. दुसऱ्या हातातला दोर त्याने सोडला आणि टोपी काढली. टोपी हलवली. तुम्ही डोंगरापलीकडे गेलात आणि तो पडला. तुम्ही पाहिलं ते खरंच आहे, पुढचं तुम्ही पाहिलं नाहीत.

संध्याकाळ मी बनवली. सासूबाईंच्या दिवाणखान्यात तुमचा गणवेशातला फोटो होता, रोज त्या तो एप्रनने पुसायच्या. एक मुलगा कड्याखाली झाकून ठेवलेला, आणि मी त्यांना दुसऱ्याबद्दल हे सांगायचं? तोंडून निघालं, संध्याकाळी भारा बांधताना. मग तेच सगळ्यांना सांगितलं. आग्नेस चार वर्षांची होती. तिलाही तेच माहीत आहे, आणि तेच राहू द्यायचं आहे. मोठी झाल्यावर सांगावं असं कितीदा वाटलं, पण तिला तुम्ही आवडता. का आवडता देव जाणे, पण आवडता.

मी तुम्हाला खुनी म्हणत नाही. तुम्ही मूर्ख होतात. तुमच्या सगळ्या हवाई दलासारखेच, वरवर फिरायचं आणि खाली कोण उभं आहे ते बघायचं नाही. पण ती सकाळ शाळेतल्या पोरांना गोड गोष्ट म्हणून वाटलेली मला सहन होणार नाही.

आणखी एक. मनात आणलं असतं तर हे मी पहिल्याच पत्रात लिहून तुमच्याकडून कुरण सोडवून घेतलं असतं. नाही लिहिलं. आलोइसच्या मरणावर मी जमीन घेणार नाही. सभेत मी गवताबद्दल बोलेन, गायींबद्दल बोलेन, त्या कॅप्टनच्या शब्दाबद्दल बोलेन. त्यावर मिळालं तर मिळालं.

हे वाचा आणि जाळून टाका. कुणाला बोलू नका.

प्लोनी


बर्न, २३ मे

प्रिय प्लोनी वहिनी,

तुमचं पत्र आल्यापासून मी धड झोपलेलो नाही. उत्तर लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. पान काढलं. छापखान्यात स्वतः जाऊन काढलं.

शनिवारी सभेला आलो तेव्हा खिशात तयार भाषण होतं. १९१४, चाळीस साल, मिराज, हंटर, सगळं. तुम्ही आधी बोललात. फार छान बोललात, साधं आणि मुद्द्याचं, आणि खरं सांगतो, मला वाटलं आपण हरलो. लोक माना डोलावत होते. मग माझी पाळी आली आणि भाषण खिशातच राहिलं. मला दुसरं काही बोलताच येईना. मी त्यांना दादाचं सांगितलं. रोटफ्लूवरची सकाळ, पंख, टोपी, सगळं. म्हणालो की या दरीने हवाई दलाला जमीन दिली आणि माझ्या घराने माणूस दिला, त्याची आठवण राहावी एवढी जागा तरी द्या. मी रडलो. मला लाज वाटत नाही त्याची. वहिनी, तुम्ही पाहिलंत ना? पाद्रीसाहेब डोळे पुसत होते. टोनी फुररने सगळ्यांत आधी हात वर केला!

दादानेच जिंकून दिलं आपल्याला. अठ्ठावीस वर्षं जे तुम्ही एकटीने सोसलंत ते आता सगळ्या गावाचं झालं, याचं मला समाधान आहे. फलकावर पहिलं नाव त्याचं असेल. 'आलोइस हेर्गर, १९६७.' त्याच्या खाली अपघातांत गेलेल्या वैमानिकांची नावं. अनावरण दोन सप्टेंबरला, आणि पडदा तुम्ही बाजूला करायचा, हे मी मंडळाकडून मंजूर करून घेतलंय.

तुम्ही हात न मिळवताच गेलात. आग्नेसही मध्येच उठली. तिला भरून आलं असणार. तिला सांगा, संग्रहालयात कॉफीचा गाळा काढणार आहोत, तो तिला आणि सेपला द्यायची व्यवस्था मी करतो. म्हणजे कॅनडाचा प्रश्नही सुटला.

तुमचा,
बाल्त्स


फ्लूमाट, ३० मे

श्री. बाल्थासार हेर्गर,

तुम्ही सभेत रडलात. चांगलं रडलात, मन लावून.

कुणाला बोलू नका असं लिहिलं होतं मी. तुम्ही ते दोनशे लोकांना सांगितलंत, टेबलावर पाण्याचा पेला ठेवून. आणि वर समाधान वाटतंय म्हणता! तुम्हाला वाटत असेल तुम्ही पश्चात्ताप केलात. तुम्ही भाषण केलंत, आणि त्या भाषणावर माझं कुरण नेलंत.

आमच्याकडे मत पेटीत टाकत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक होतं. शेजाऱ्याच्या डोळ्यांदेखत हात वर करावा लागतो. मेलेल्या भावासाठी एक म्हातारा कर्नल समोर हुंदके देतोय, अशा वेळी कोण हात खाली ठेवील? टोनीने वर केला, त्याला नाक पुसायचीही सवड नव्हती. आपल्याच बापाची जमीन त्याने देऊन टाकली. मग विरोधातले हात मागितले, आणि मी माझा वर केला. सगळी सभा मान वळवून माझ्याकडे बघत होती. आलोइसच्या बायकोलाच आलोइसचं काही नाही, असं त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं.

आग्नेसला भरून आलं नव्हतं. ती बाहेर पायरीवर बसली होती. मला म्हणाली, "आई, बाबा असे गेले हे मला काकांच्या भाषणातून कळावं?" तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. गायी विकायला काढल्यात. सप्टेंबरपर्यंतसुद्धा थांबणार नाहीत, जुलैतच निघतात. तुमचा कॉफीचा गाळा तुम्हीच चालवा, टोपी घालून.

अनावरणाला मी येणार नाही. आलोइसचं नाव त्या पत्र्यावरून काढा. तो वैमानिक नव्हता, तुमच्या हवाई दलासाठी मेला नाही. तो गवत कापायला गेला होता, कारण त्याचं कुरण तुमच्याकडे होतं.

आणि यापुढे मला वहिनी म्हणू नका. ते नातं आलोइसमुळे होतं. त्याला तुम्ही शनिवारी विकलंत.

अपोलोनिया हेर्गर